मुंबईतील पाळीव प्राण्यांचे प्रतिबंधक पशुवैद्यक

कुत्रा, मांजर इ. घरात पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांना रोग होण्यापूर्वीच लस टोचणे, ते निरोगी दिसत असतानाही त्यांच्या विष्ठेची व रक्ताची ठराविक काळाने तपासणी करणे आणि आढळलेल्या जीवोपजीवींचा (दुसऱ्या जीवाच्या शरीरावर किंवा शरीरात राहून उपजीविका करणाऱ्या जीवांचा) नाश करणे, या गोष्टींचा समावेश प्रतिबंधक पशुवैद्यकात होतो. मुंबईत कुत्र्यांच्या बाबतीत प्रथम त्यांना मारून टाकणे, नंतर आजारी पडल्यावर उपचार करणे आणि शेवटी निरोगी असतानाच तपासणे, असे तीन टप्पे दिसून येतात. त्यांतील तिसरा टप्पा अद्याप अपुरा आहे आणि त्याची उणीव दिंडोशीसारख्या वनालगतच्या उपनगरात विशेष जाणवते.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीपोटी मोकाट कुत्री मारण्याचे आदेश मुंबईच्या इंग्रज शासनाने काढले होते. त्यांची अंमलबजावणी पोलिसांनी घरांत शिरून केल्यामुळे जून १८३२ मध्ये पारशी समाजाने कडक हरताळ पाळला व शहरात दंगल उसळली. यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाला. भूतदयेला त्यामुळे आश्रय मिळाला. परंतु रोगाचे कारण अज्ञातच असल्याने प्रतिबंधाचा मार्ग उपलब्ध नव्हता.

प्राण्यांच्या छळाला आळा घालणारी संस्था मुंबईत १८७४ मध्ये निघाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि त्याच्या आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होत. त्या काळी पशुवैद्यकाचा मुख्य विषय घोडा व बैल हा होता. कारण शहराची वाहतूक व लष्कर त्यांवर अवलंबून असे. कुत्र्याला उपचार मिळत, ते तो आजारी पडल्यावरच.

लसींचा उदय : लूई पाश्चर यांनी १८८५ मध्ये अलर्क रोगावरील (पिसाळ रोगावरील) लस माणसावर यशस्वीपणे वापरली. भारतात कसौली येथे १९०० साली पाश्चर संस्था स्थापन झाली व तेथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून मृत विषाणूची लस बनविली. पोटात टोचाव्या लागणाऱ्या या लसीची अनेक इंजेक्शने मराठी घरांत दीर्घकाळ धास्तीचा विषय होती. कोशिकासंवर्धनापासून बनविलेल्या सुरक्षित लसी उपलब्ध झाल्यावर २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन बंद झाले. अलर्क रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ निश्चितपणे दगावतो. त्यामुळे चावलेल्या माणसावरील तातडीच्या उपायांइतकेच महत्त्व कुत्र्याला आधीच लस टोचण्याला आहे.

कुत्र्यांमधील डिस्टेंपर हा रोग विषाणुजन्य असल्याचे आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखविले. आंत्रशोथ (आतड्याची दाहयुक्त सूज) उत्पन्न करणारा पार्व्होव्हायरस तर १९७८ च्या सुमारास नव्यानेच उद्‌भवला आणि थोड्याच वर्षांत जगभर पसरला. या दोन्ही रोगांत पिले मोठ्या प्रमाणावर दगावतात. लशी मात्र परिणामकारक आहेत. पिलाला साधारणपणे सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून संयुक्त लशीच्या मात्रा, तीन महिन्यांच्या सुमारास अलर्क रोगाची लस व नंतर ठराविक काळाने बलवर्धक मात्रा देतात.

जीवोपजीवी व त्यांची तपासणी : लशीने कृमी व गोचिडांपासून उद्‌भवणारे रोग टळत नाहीत; म्हणून तपासणीची गरज भासते. कुत्र्यातील गोलकृमीचे डिंभ (अळ्या) गर्भावस्थेतच आईच्या शरीरातून पिलात जातात. अंकुशकृमीचे डिंभ दुधावाटे तसेच ओल्या मातीतून त्वचेवाटे शिरतात. स्वच्छ घरात जन्मलेले पिलूही त्यामुळे कृमिग्रस्त असू शकते. यासाठी दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी कृमिनाशक औषध देण्याचा प्रघात आहे.

विष्ठेचा थोडा अंश मिठाच्या संतृप्त द्रावणात कालविला असता कृमींची हलकी अंडी वर तरंगतात व ती सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. ही साधी व स्वस्त तरंगण पद्धत १९२१ पासून रूढ आहे. तथापि तिला मर्यादा आहेत. अंकुशकृमी संसर्गानंतर सुमारे दोन ते तीन आठवड्यांनी आणि गोलकृमी सुमारे चार ते पाच आठवड्यांनी अंडी घालू लागतात. त्याआधी तपासणी निर्दोष येते. पिसवांमुळे होणाऱ्या पट्टकृमीची अंडी अशा तपासणीत बहुधा सापडत नाहीत. गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणावर दिसणारे तांदळाच्या दाण्यासारखे खंड हीच त्याची खूण असते. म्हणून एका तपासणीवर विसंबून न राहता ती वर्षातून दोन ते चार वेळा करावी लागते. निव्वळ अंदाजाने वारंवार औषध देण्यातही धोका आहे. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांतील अंकुशकृमी अनेक औषधांना दाद देईनासे झाल्याचे २०१९ मध्ये दिसून आले.

गोचिडांमुळे पसरणाऱ्या रोगांच्या अभ्यासात भारताचा वाटा मोठा आहे. कुत्र्याच्या तांबड्या रक्तकोशिकांत वाढणाऱ्या बबेसिया गिब्सोनाय या प्रजीवाचे वर्णन पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रास येथील शिकारी कुत्र्यांवरून केले. एर्लिकिया या सूक्ष्मजंतूचा संसर्ग झालेला कुत्रा कित्येक महिने धडधाकट दिसतो आणि मग एकाएकी नाकातून रक्त येऊन खंगतो. अशा अवस्थेत काचपट्टीवरील रक्तलेप पुरेसा ठरत नाही. बिंबाणूंची (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या कणांची) मोजणी व प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते.

उपनगर व वनसीमा : मुंबईची दुभती जनावरे शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. तेथे हजारो म्हशी एकत्र ठेवल्या गेल्या. अशा मोठ्या कळपात एका जनावराचा रोग सर्वांना होऊ शकत असल्याने आधीच लस टोचणे व तपासणे अपरिहार्य असते. मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे एक आवारही आरे येथे आहे. या वसाहतीच्या उत्तरेस, गोरेगाव व मालाड यांच्या पूर्वभागी दिंडोशी वसलेली आहे. एका बाजूस दाट वस्ती, दुसऱ्या बाजूस चित्रनगरी व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे वन अशी तिची रचना आहे.

या सीमेवर पाळीव कुत्रा, मोकाट कुत्रा, तबेल्यातील जनावर, उंदीर व बिबट्या यांचा संबंध येतो. या उद्यानातील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा लक्षणीय असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. कुत्र्यांतील डिस्टेंपर वन्य मार्जारकुलातील प्राण्यांनाही मारक ठरतो : १९९४ मध्ये सेरेंगेटी येथील सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने दगावले आणि २०१८ मध्ये गीर येथील सिंहांच्या मृत्यूंत त्याचा व बबेसियाचा संबंध आढळला. एका घरातील कुत्र्याला दिलेल्या लशीचे महत्त्व अशा ठिकाणी त्या घरापुरते राहत नाही.

पावसाळ्यात हा संबंध आणखी दृढ होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला व त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर, कुत्रे व गुरे यांच्या मूत्रातून याचे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात. कृमींची अंडी व डिंभही ओल्या मातीत टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गोलकृमीची अंडी गेल्यास डिंभ यकृतात किंवा डोळ्यात पोचून दृष्टीस इजा करतात. अंकुशकृमीचे डिंभ त्वचेखाली नागमोडी, खाजरे वळ उठवितात. उघड्यावर पडलेली कुत्र्याची विष्ठा लगेच उचलणे हा यावरील सर्वांत स्वस्त प्रतिबंध होय.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचे धोरण मागे पडले. निर्बीजीकरण व लसीकरण यांवर आधारलेले केंद्रीय नियम २००१ मध्ये व सुधारित नियम २०२३ मध्ये जारी झाले. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिल्यास अलर्क रोगाची साखळी तुटते, असे मानले जाते. गोव्यात घरोघर व गल्लोगल्ली लसीकरण करून हे साधले गेले आणि २०२१ मध्ये ते अलर्क रोग नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. माणसांतील बहुतेक रुग्णांचे मूळ कुत्र्याचा चावा हेच असल्याने हे यश महत्त्वाचे आहे.

पाळीव प्राण्याची लस, विष्ठा व रक्ततपासणी यांचा खर्च मालक करतो; त्याच गल्लीतील मोकाट कुत्र्याची तपासणी कोणाकडेच नसते. गोचीड, पिसू व डिंभ मात्र दोघांत भेद करीत नाहीत. १८३२ साली कुत्री मारावीत की वाचवावीत, असा वाद होता. त्याचे उत्तर दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांची निगा एकत्रितपणे राखण्यात आहे, हे त्यानंतरच्या काळातील अनुभवावरून दिसून येते.