दिनविशेष : ३१ मे

तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा असेल आणि मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर मानेतल्या लसिकाग्रंथी लगेच काढाव्यात की गाठ येईपर्यंत थांबावे? या जुन्या वादाचे उत्तर २०१५ मध्ये आजच्या दिवशी मिळाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. अनिल डिक्रूझ यांनी शिकागोतील परिषदेत ५०० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. पहिल्याच शस्त्रक्रियेत ग्रंथी काढलेल्यांत तीन वर्षे जगण्याचे प्रमाण ८० टक्के, तर थांबलेल्यांत ६७.५ टक्के होते. नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही. केवळ शस्त्रक्रियेची वेळ बदलून इतका फरक पडला, हे विलक्षणच. मात्र हा लाभ कर्करोग सुरुवातीलाच सापडला तरच; म्हणून तंबाखूला चुना लावून गालात धरणाऱ्यांनी तोंडातला व्रण तीन आठवड्यांत न भरल्यास दंतवैद्याला दाखवावा.