स्थिर उभे राहण्याचा इतिहास

तालमीत वस्तादाची नजर पठ्ठ्याच्या चेहऱ्यापेक्षा पायांवर जास्त असते. पवित्रा घेतल्यावर मांडी थरथरू लागली, की वजन कुठे चुकले आहे हे त्याला मोजपट्टीशिवाय कळते. १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिलेल्या कोल्हापुरात ही नजर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तीच गोष्ट यंत्राने मोजायला युरोपातल्या प्रयोगशाळांना बरेच कष्ट पडले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बर्लिनचे वैद्य मोरिट्झ रोम्बर्ग यांनी नोंदवले, की मज्जारज्जूच्या एका विकारात रुग्णाने डोळे मिटताच तो झोकांड्या खाऊ लागतो. पुढे कार्ल फॉन फिरोर्ट यांनी डोक्याच्या टोपीला लेखणी जोडून काजळी धरलेल्या कागदावर उभ्या माणसाचे डोलणे उमटवले. निरोगी माणूसही क्षणभर निश्चल नसतो, हे त्या रेघोट्यांनी दाखवले. १८७७ मध्ये गॉर्डन यांनी टांगलेल्या पलंगावर माणूस निजवला, तर प्रत्येक ठोक्यासरशी सबंध देह किंचित सरकताना दिसला. हाताची नैसर्गिक थरथर सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा होते, हेही त्याच शतकाच्या अखेरीस कळले. म्हणजे डोलणे संथ, नाडी मध्यम, थरथर जलद. तिन्हींची लय वेगळी असल्यामुळे रेघ पाहून हालचालीचे मूळ शोधता येते.

हे शास्त्र कोल्हापूरच्या कामाला आले ते नेमबाजीत. पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. एक मीटर लांबीत नळीचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाने हलले, तरी लक्ष्यावर पाच मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढ्यात गोळी वर्तुळाच्या काठावर जाते. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये याच अंतरावर, झोपून नेम धरण्याच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावरच्या फेरीनंतर मागे असलेले कुसाळे उभ्याने नेम धरताना वर चढले, आणि उभी स्थिती ही तिघांत सर्वांत डळमळीत.

आज सरावात नळीला संवेदक लावून नेमाची वाट पडद्यावर उमटवता येते. झोपलेल्या स्थितीत श्वासाबरोबर ही रेघ सरळ वर-खाली जायला हवी. ती तिरकी गेली, तर कोपर किंवा देहाचा कोन चुकला असे समजावे. ठोक्यागणिक झटका दिसला, तर दंडावरच्या पट्ट्याचा ताण किंवा जागा तपासावी, कारण तिथली नाडी पट्ट्यावाटे बंदुकीपर्यंत पोहोचते. उभ्या स्थितीत रेघ संथपणे एका बाजूला ओढली जात असेल, तर पावले आणि कंबर पाहावी. नेमबाज स्नायूंच्या जोराने बंदूक लक्ष्याकडे खेचत असला, तर थकव्याबरोबर थरथरही वाढते.

याला महत्त्व का द्यायचे? कारण हात हलला की आपल्याकडे पटकन म्हटले जाते, ‘पोरगं घाबरलं.’ मग त्याला धीर दिला जातो, रागावले जाते, आणि कोपर तिथेच राहते. थरथर दाबण्याची दुसरी वाट औषधाची. हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर औषधे नेमबाजीत निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अशाच औषधापायी उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाला दोन पदके गमवावी लागली.

वस्ताद थरथरणाऱ्या मांडीला नावे ठेवत बसत नाही. पाऊल वीतभर सरकवायला सांगतो. काजळीच्या कागदापासून पडद्यावरच्या रेघेपर्यंतचा सारा प्रवास त्याच शहाणपणाकडे आला आहे. जिवंत देह हलणारच. हाडांनी भार नीट पेलला, की ते हलणे दहाच्या वर्तुळात मावते.