जॉबरचं बोट

सकाळचा भोंगा होण्याआधीच मुंबईतल्या गिरण्यांच्या फाटकांशी गैरहजरांच्या जागी लागणाऱ्या बदली कामगारांचा घोळका जमायचा. खात्याचा मुकादम म्हणजे जॉबर यायचा, नजर फिरवायचा आणि बोट दाखवून माणसं निवडायचा. बोट ज्याच्याकडे वळलं त्याच्या घरी त्या दिवसाची चूल पेटायची. बाकीचे माघारी.

ताडदेवला 1856 मध्ये कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली. पुढे गिरणगाव वाढलं, तशी मालकांना गावाकडची माणसं आणून कामाला जुंपणारा दुवा लागला. तो दुवा म्हणजे जॉबर. भरती त्याची, रजा त्याची, साचा कोणाला द्यायचा आणि कोणाला काढायचं हेही तोच ठरवी. शिवाय अनेकदा सावकारही तोच. त्यामुळे शिवी खाल्ली, थप्पड खाल्ली तरी तक्रार न्यायची कोणाकडे? काम टिकवायला पगारातून त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, मोजावी लागे. बायकांच्या वाइंडिंग खात्यात हाच अधिकार त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीचा होता. लहान मूल घरी ठेवून आलेल्या बाईला तिची मर्जी राखल्याशिवाय गत्यंतर नसे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये परळला कामगारांना जमवलं. साडेपाच हजार सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, वेळेवर पगार होता. सुट्टी 1890 मध्ये मिळाली. जॉबर मात्र जागचा हलला नाही.

1931 मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने मुळावरच बोट ठेवलं: भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढा, त्यासाठी कामगार अधिकारी नेमा. ही शिफारस फार मोलाची होती, कारण जॉबर माणूस म्हणून चांगला की वाईट हा प्रश्नच तिने बाजूला ठेवला. 1935 मध्ये मालकसंघाने बदली कामगारांना कार्डं देण्याची योजना आणली. 1936 च्या वेतन कायद्याने कामगारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या दंडालाही लगाम घातला: पगाराच्या रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त दंड नाही, प्रत्येक दंडाची नोंदवहीत नोंद, आणि जमलेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी.

कार्ड हाती आलं तरी खात्यात दिवसभर गाठ पडायची ती जॉबरशीच. भरतीवरचा त्याचा प्रभाव त्यानंतरही कित्येक वर्षं टिकला. 1934 च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्याने कामगारांची बाजू मांडायला सरकारी कामगार अधिकारी दिला होता, पण लाल बावट्याच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांना तो आपल्या युनियनची जागा घ्यायला आणलेला वाटे. त्यांचा आग्रह एकच होता: खात्यातल्या जुलमाची दाद मागायची तर ती कामगारांनी स्वतः निवडलेल्या माणसामार्फत.