इंजिन पुढे, माणूस मागे

पुढे इंजिन असलेला जुन्या धाटणीचा ड्रॅगस्टर घरी बनवता येईल का? येईल. पण पाना हातात घेण्याआधी त्याचा इतिहास ऐका.

ड्रॅगस्टर म्हणजे सरळ रेषेत पाव मैल, सुमारे ४०२ मीटर, पळण्यासाठीच बांधलेली गाडी. हा खेळ वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात. फौजेतून परतलेल्या पोरांच्या हातात यंत्रांची कामं होती आणि भंगारात फोर्डची व्ही-८ इंजिनं स्वस्त मिळत होती. ही पोरं रात्री रस्त्यांवर शर्यती लावू लागली. मग १९५० मध्ये सांता आना विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' काढली. हेतू एकच: पोरांना रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर, नियमांत आणायचं.

१९५४ मध्ये मिकी थॉम्पसन यांनी चालकाला मागच्या आसाच्याही मागे बसवलं. वजन मागे गेलं की मागच्या चाकांची पकड वाढते, हा साधा हिशोब. बेचकीत खडा धरावा तसा माणूस शेपटाला. म्हणून नाव पडलं 'स्लिंगशॉट'.

पण या रचनेत इंजिन, क्लच आणि गिअर हे सगळं माणसाच्या समोर, पायांपाशी. ८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स ट्रॅकवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा ट्रान्समिशन फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. त्यांनी नवी गाडी बांधली ती इंजिन पाठीमागे ठेवून, आणि १९७१ मध्ये पोमोनाची मोठी शर्यत जिंकली. काही वर्षांतच वरच्या वर्गातून पुढच्या इंजिनाचे ड्रॅगस्टर हद्दपार झाले. आज कुणी हौसेने तशी गाडी बांधली, तर क्लचभोवती पोलादी कवच आणि डोक्यावर मजबूत पिंजरा हवाच.

आपल्याकडे हुन्नर नाही असं म्हणू नका. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना उभा केला आणि पुढे १९७५ पर्यंत नवे नमुने बांधत राहिले. कारखान्यातून ती गाडी कधी निघाली नाही. हात होते, मागे उभं राहणारं कुणी नव्हतं.

आपलंही तेच होऊ शकतं. नवा रायपूरचे रुंद, मोकळे रस्ते पाहून पोरांचे हात शिवशिवतात. पण परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. शिवाय समोरून दूधवाला किंवा शाळेतून घरी निघालेलं लेकरू येऊ शकतं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. म्हणजे मार्ग आहे.

म्हणून माझा क्रम असा. आधी क्लब काढा. मग कलेक्टर कचेरीत धावपट्टीसाठी अर्ज द्या. अँब्युलन्स आणि अग्निशामक यांची सोय लिहून द्या. अर्जावर सही करायला मी येतो. चासीची पहिली नळी त्यानंतर कापा.

जय हिंद.