शेवटचा १ कुठे गेला?

आजचा भाग वाईतून, घरच्या माडीवरून. मागे घंटा ऐकू आली तर ती ढोल्या गणपतीची समजा, ती काही कापणार नाहीये.

आजचा आकडा: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. नऊ वेळा १ लिहून आलेल्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थानांची नावं लावली तर वाचायला काय मजा येते बघा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू...

अशा संख्यांचं ‘डेम्लो’ हे बारसं केलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर. ६१७४ मुळे नाव आपण ऐकलेलं असतं, पण त्यांचा खरा नाद वर्गीकरणाचा. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनवर या संख्या त्यांच्या डोक्यात आल्या, म्हणून नाव स्टेशनाचं. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यावर लेखही आला. दुसऱ्या एका जातीला ‘स्वयंभू’ म्हटलं, तिलाच देवळाली संख्याही म्हणतात. आपल्याकडे माणसं गावावरून ‘कर’ लावतात, यांनी आकड्यांनाही गाव दिलं!

तिसरी जात ‘हर्षद’: अंकांच्या बेरजेनं संख्येला निःशेष भाग जायला हवा. आपल्या आकड्याची बेरीज ८१. अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. ३ चा चौथा घात म्हणजेच ८१. झाला हर्षद.

हे तपासायला मी जावास्क्रिप्टमध्ये चार ओळी लिहिल्या. उत्तर ‘हर्षद’ आलं, मी खूश, भाग रेकॉर्डही केला. बाबा स्क्रीनकडे बघून म्हणाले, “अरे, एकं स्थानी एक गुणिले एक, मग शेवटी शून्य कुठून आलं?”

खरंच, ...४३२० होतं. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नीट धरते. त्याच्या पुढे विषम संख्या मावतच नाहीत, जवळची सम धरली जाते. आणि खरी गंमत: त्या चुकीच्या आकड्याची बेरीज ८०, आणि ८० नंही त्याला भाग जातो! चूकही हर्षद निघाली, म्हणून माझी चाचणी पास. बीटेक करून हे.

कापरेकरांकडे कागद-पेन्सिल होती. पदव्युत्तर पदवी नव्हती, आणि ‘हे कसलं गणित’ असं म्हणणारे पुष्कळ. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे.

भाग पुन्हा रेकॉर्ड करण्याआधी मी वहीत गुणाकार केला. मग दहा वेळा १ घेऊन पाहिलं. तिथे हातचा येतो, पायऱ्या मोडतात: १२३४५६७९००९८७६५४३२१. बेरीज ८२. शेवटी १, म्हणजे संख्या विषम, ८२ नं भाग जाणं शक्यच नाही. ही हर्षद नाही.