कॅराव्हॅन ओढणे : मोटारीची जुळणी

राहण्याची सोय असलेला ट्रेलर खासगी मोटारीमागे जोडून नेणे. इंजिनासह एकाच सांगाड्यावर बांधलेली कॅम्पर व्हॅन, बंद पडलेली गाडी दोरीने ओढणे आणि वाहतूक पोलिसांनी गाडी उचलून नेणे हे विषय या नोंदीत येत नाहीत. ब्रिटनमध्ये १९१९ पासून मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन विक्रीसाठी बनू लागल्या. महाराष्ट्रात हा प्रकार विरळ. राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात एक ॲक्सलची, दोन ॲक्सलची, घडीची कॅराव्हॅन आणि तंबू-ट्रेलर यांचाही उल्लेख आहे. रस्त्यावर मात्र टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांवर बांधलेल्याच बहुधा दिसतात. अंधेरी–गोरेगाव पट्ट्यात चित्रीकरणासाठी फिरणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनही मुख्यतः बसच्या सांगाड्यावरच्या, त्यामुळे तिथला अनुभव इथे फारसा कामी येत नाही.

वजनाचा मेळ : जुळणीत इंजिनाची ताकद दुय्यम, मोटारीचे वजन मुख्य. ताकद कमी पडली तर गाडी चढाला रेंगाळते. वजन कमी पडले तर ट्रेलरच मोटारीला हलवू लागतो. ब्रिटनमधील संकेत असा, की नवशिक्याने भरलेल्या कॅराव्हॅनचे कमाल वजन मोटारीच्या मोकळ्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे आणि मुरलेल्या चालकानेही १०० टक्के ओलांडू नयेत. हा कायदा नव्हे. या हिशेबाने १,४०० किग्रॅ. मोटारीला १,१९० किग्रॅ. कॅराव्हॅन झेपते, ९०० किग्रॅ. हॅचबॅकला ७६५ किग्रॅ., म्हणजे व्यवहारात तंबू-ट्रेलरच. उत्पादकाने ठरवलेली ओढक्षमता याहून कमी असेल तर तीच अंतिम. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक मोटारींच्या पुस्तिकेत ती छापलेली नसते, किंवा ट्रेलर जोडू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. परदेशात तीच मोटार ट्रेलर ओढते म्हणून इथेही ओढेल, हा युक्तिवाद टिकत नाही; नाव तेच असले तरी गिअरबॉक्स, रेडिएटर आणि ब्रेक तेच असतील असे नाही. वजन सामानासह मोजावे. पाण्याच्या ५० लिटरच्या टाकीचे ५० किग्रॅ. आणि भरलेल्या घरगुती सिलिंडरचे सुमारे ३० किग्रॅ. हमखास विसरले जातात.

जोडावरचा भार : कॅराव्हॅनचा पुढचा दांडा मोटारीच्या टो बारवरील गोळ्यावर (युरोपीय प्रमाण ५० मिमी. व्यास) बसतो. तिथे कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार यावा, अशी युरोपातील शिफारस आहे. अमेरिकेत १० ते १५ टक्के धरतात. भार कमी असेल तर ट्रेलर लहरतो. जास्त असेल तर मोटारीची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात आणि दिव्यांचा झोत वर जातो. हा भार मोटारीतील सामानातच मोजायचा असतो. जड वस्तू ॲक्सलजवळ, खाली ठेवाव्यात. लहरणे वेगाबरोबर वाढते आणि एका मर्यादेपुढे आपोआप शमत नाही. द्रुतगती मार्गावर शेजारून जाणाऱ्या ट्रकचा वाऱ्याचा झोतही त्याला पुरतो. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा. वेग वाढवून ट्रेलर ‘ताणून’ सरळ करू पाहणे घातक.

घाट : अंधेरीहून पुण्याकडे जाताना खरी कसोटी बोरघाटात, तीही परतीच्या उतारावर. खंडाळा ते खोपोली उतरताना उंचीत सुमारे ५०० मी. फरक पडतो. मोटार व कॅराव्हॅन मिळून २,५०० किग्रॅ. धरले तर तेवढ्या उतरणीत सुमारे १ कोटी २० लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती एकट्या ब्रेकवर सोपवली तर ब्रेक तापून निकामी होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ट्रकचालकांचा जुना नियम इथे जसाच्या तसा लागू आहे. इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणे हा प्रकार ट्रेलरसह तर अक्षम्यच. ट्रेलर मोटारीवर रेटला की आपोआप लागणारे ब्रेक सलग उतारावर सतत घासत राहतात, हेही ध्यानात घ्यावे. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किग्रॅ. किंवा मोटारीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी कमी असेल ती मर्यादा आहे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते (अंधेरीसाठी एमएच-०२ कार्यालय) आणि ट्रेलरवर ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांकही दिसावा लागतो. टो बार बसवणे हा कलम ५२ खालील फेरबदल ठरतो का, याबाबत एकमत नाही. पासिंगपूर्वी लेखी खुलासा घेतलेला बरा. परवान्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका ट्रॅक्टर-ट्रेलरच्या प्रकरणात, ट्रेलर जोडल्याने चालकाचा मूळ परवाना निरर्थक होत नाही असे म्हटले. खासगी मोटारीला ते कितपत लागू करावे, हा वेगळा प्रश्न.

शहरातील वापर : जोडवाहनाची लांबी १० मी.च्या पुढे जाते. अंधेरी सबवे पावसात तुंबून बंद होतो आणि आयत्या वेळी मागे फिरणे जोडवाहनाला जमत नाही. पूर्व–पश्चिम जाण्यास उड्डाणपूलच धरावा.

गृहसंस्थांच्या आवारात कॅराव्हॅन उभी करण्यास जागा : सहसा नाही.