मल्लखांबातील दुखापती व सुरक्षित सराव

मल्लखांब खेळताना होणाऱ्या इजा, त्यांची कारणे आणि त्या टाळण्यासाठी सरावात पाळायची शिस्त यांविषयी हे थोडेसे. मल्लखांबाचा, म्हणजेच मल्लस्तंभाचा, उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आढळतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नव्याने चालना दिली. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे याचे तीन प्रमुख प्रकार आहेत.

पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा, वर निमुळता होत गेलेला आणि माथ्यावर बोंड असलेला असतो. त्याला एरंडेल चोळतात. हे तेल दाट असल्याने कातडी सोलवटत नाही आणि पकडही टिकते. तेल लावताना हात आखडता घेतला तर मांड्या आणि काखा खरचटतात. जास्त झाले, किंवा त्यात घाम मिसळला, तर खेळाडू सटकतो. म्हणून दोन खेळाडूंच्या पाळ्यांमध्ये खांबावरून फडके फिरवायला हवे. टांगत्या मल्लखांबाचे आकडे आणि साखळी रोज तपासावी.

सर्वांत जास्त जपायचे ते अढी शिकताना. खांब हातांनी धरून, उलटे होऊन मांड्यांनी तो आवळायचा आणि मग हात सोडायचे, अशी ही पकड असते. मांड्यांची पकड बसण्याआधी हात सुटले तर मान आणि डोके आधी खाली येते. नवशिक्याजवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा एक हात म्हणूनच त्याच्या खांद्यामागे आणि दुसरा कमरेला असावा. पकड बसली हे त्याने डोळ्यांनी पाहावे, मुलाच्या ‘बसली’ या उत्तरावर विसंबू नये. एका प्रशिक्षकाने एकाच वेळी दोन खांब सांभाळणे ही सर्रास दिसणारी आणि थांबायलाच हवी अशी सवय आहे.

अढी पक्की होण्याआधी फरारे हे अवघड प्रकार किंवा बोंडावरचे तोल शिकवू नयेत. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते. स्नायुबंध आणि अस्थिबंध मात्र सावकाश तयार होतात. त्यामुळे जोर आला म्हणून अवघड प्रकार लगेच हाती घेणाऱ्याचा खांदा दुखू लागतो. वाढत्या वयातील मुलांच्या मनगटाजवळील हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. हातांवर वारंवार भार घेतल्याने ती दुखावते. दुखणे दाबून सराव चालू ठेवला तर हाडाची वाढ बिघडू शकते. मनगट दुखत असेल तर हातांवर उभे राहणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे, स्पर्धा तोंडावर आली असली तरी.

सरावाआधी हलके धावणे, खांदे-मनगटे फिरवणे, बैठका यांनी अंग गरम करावे. ताण देऊन बराच वेळ स्थिर राहण्याचे प्रकार शेवटी ठेवावेत. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांतली बेचकी सोलवटते. तेथे जखम असताना दोरीवर चढू नये, आणि उतरताना दोरीवरून घसरत येऊ नये.

खांबावरून उतरतानाची उडी दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून झेलायची. ती जमिनीवर स्वतंत्रपणे शिकवावी, कारण थकलेल्या खेळाडूचा घोटा मुरगळतो तो बहुधा शेवटच्या उडीत. खाली जाड गाद्या फटी न ठेवता अंथरलेल्या हव्यात. पडून मानेत कळ आली किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर खेळाडूला उठवून बसवू नये; डोके-मान स्थिर धरून १०८ला फोन करावा. उत्सवातील प्रात्यक्षिकांत दिसायला वाईट म्हणून गाद्या काढतात. अशा ठिकाणी प्रात्यक्षिक करण्यास प्रशिक्षकाने स्पष्ट नकार द्यावा.